मोजणं स्वस्त, वाहणं महाग

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाची सांगता महापंगतीनं होते. मोकळ्या शेतात माणसं ओळी धरून बसतात, नजर पोचेल तिथवर ओळीच ओळी, आणि मधल्या वाटांनी पुरी-भाजीच्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर फिरतात. ट्रॉलीवरचे स्वयंसेवक खालच्यांच्या टोपल्या भरतात, खालचे वाढत पुढे सरकतात, आणि टोपली रिकामी होईतो ट्रॅक्टरही चार पावलं पुढे आलेला असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंगतीत ट्रॅक्टर शिरल्याचं मला हसू आलं होतं. शेजारी घाटाखालचे एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “पुरी तळाले काय लागते बापू? पानापर्यंत न्याले लागते.”

बऱ्याच वर्षांनी चिपच्या रचनेवरचे लेख वाचायला घेतले, तेव्हा दर दोन पानांनी मला हे आजोबा भेटायला लागले.

आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्या न्यूरल नेटवर्कचं काम आतून पाहिलं तर फार गूढ नाही. एक आकडा घ्यायचा, त्याला दुसऱ्या आकड्यानं गुणायचं, उत्तर आधीच्या बेरजेत मिळवायचं. पुन्हा तेच. पहिला आकडा फोटोतल्या एखाद्या ठिपक्याचा किंवा वाक्यातल्या एखाद्या शब्दाचा असतो. दुसरा मॉडेलनं शिकताना ठरवलेला. या दुसऱ्याला पुस्तकी मराठीत ‘भार’ म्हणतात. मी वजन म्हणतो, कारण पुढे आपल्याला खामगावच्या बाजारात जायचं आहे. हा गुणाकार-बेरजेचा जोड कोट्यवधी वेळा करायचा, इतकंच. गुणाकार करणारे बारके घटक चिपवर हजारोंनी बसवता येतात. अडतं ते त्यांच्यापर्यंत आकडे पोचवताना.

स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये एका भाषणात याचा हिशेब मांडला. तो तक्ता या क्षेत्रातल्या लोकांना आता पाढ्यासारखा पाठ असतो. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. दशांश चिन्हाच्या दोन आकड्यांच्या गुणाकाराला ३.७. चिपवरच्याच लहानशा मेमरीतून ३२ बिट उचलायला सुमारे ५. आणि तेच ३२ बिट चिपच्या बाहेरून, डीरॅम नावाच्या मुख्य मेमरीतून आणायचे तर सुमारे ६४०. पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख कोटीवा भाग, तेव्हा रक्कम किरकोळच; पण प्रमाण बघा. आणण्याचा खर्च गुणाकाराच्या जवळजवळ पावणेदोनशे पट, बेरजेच्या ६,४०० पट. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी चिखलीहून एसटीनं अकोल्याला जाऊन यावं, तसला हा व्यवहार.

हा झाला विजेचा खर्च. वेळेचा वेगळाच. चिप आणि मेमरी यांच्यामधल्या वाटेवरून एका सेकंदात किती बाइट येऊ शकतात, त्याला बँडविड्थ म्हणतात. ही वाट मनात येईल तेवढी रुंद करता येत नाही. चिपच्या कडेला बसणाऱ्या तारा मोजक्याच असतात, आणि प्रत्येक तार वीज खाते. गुणाकाराची ताकद वर्षागणिक वाढत गेली, वाट मात्र त्या मानानं अरुंदच राहिली. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच याला ‘मेमरीची भिंत’ म्हटलं होतं. तेव्हा न्यूरल नेटवर्क ही मुख्यतः प्रयोगशाळेतली हौस होती. आता ती घरोघर आली, आणि भिंत आपल्या दारात येऊन उभी राहिली.

उपाय कोणत्याही आचाऱ्याला सुचेल. गावातल्या सप्त्याच्या काल्याला धान्याची कोठी असते मंदिरामागच्या खोलीत. कोठीतून पोती येतात भट्टीपाशी, भट्टीवरून भाजी उतरते मोठ्या गंजात, गंजातून वाढप्याच्या बकेटीत, बकेटीतून पळीत. कोठी मोठी आणि लांब, बकेट छोटी आणि हाताशी. चिपमध्येही हीच उतरंड आहे: बाहेर डीरॅम, आत काही मेगाबाइटची मेमरी, तिच्या आत प्रत्येक गुणाकार-घटकाला चिकटलेली, काहीशे बाइटांची खिशाएवढी जागा. पहिल्यांदाच वाढायला उभा राहिलेला पोरगा एकेक पळी भरून भट्टीकडे पळतो आणि चार पानांत दमतो. मीही दमलो होतो. त्या दिवशी माझ्याकडची बकेट काढून घेतली गेली आणि मला मीठ वाढायला लावलं. पंगतीत हे पदावनतीचं लक्षण समजतात.

इथवर पंगतीची उपमा चालते. पुढे ती दगा देते. पुरी एकदा पानात पडली की संपली. आकडा वापरून संपत नाही. एकदा हाताशी आणलेला आकडा हजारदा वापरा, झिजत नाही. इथून पुढचा सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे, आणि तो समजायला पंगतीपेक्षा बाजार समितीचं आवार बरं.

इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधीचा, तीन बल्ल्यांना टांगलेला तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात लोखंडी वजन, दुसऱ्यात पोतं. पन्नास शेतकऱ्यांचा माल आहे, प्रत्येकाकडे तूर, सोयाबीन, हरभरा तिन्ही, आणि समजा प्रत्येक धान्याला वेगळं वजन लागतं. शहाणा मापारी काय करील? तुरीचं वजन एकदा पारड्यात चढवील आणि पन्नासही जणांची तूर ओळीनं उरकील. मग वजन बदलेल. वजन उचलणं तीनदा, मापं दीडशे. गिऱ्हाईक येईल तसं करत गेला, तर वजनं त्याला दीडशे वेळा उचलावी लागतील. मापं तेवढीच, कंबर वेगळी.

आता हेच खऱ्या आकड्यांनी पाहू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्हीजीजी नावाचं फोटो ओळखणारं नेटवर्क केलं. त्याच्या पहिल्या थरात २२४ बाय २२४ ठिपक्यांचा रंगीत फोटो येतो. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एकूण १,५०,५२८. त्यावरून ६४ चाळण्या फिरतात. एकेक चाळणी म्हणजे तीन बाय तीन ठिपक्यांची चौकट, तिन्ही रंगांसाठी मिळून २७ वजनं. ६४ चाळण्यांची वजनं झाली १,७२८. चाळणी फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक ठिपक्यावर टेकते, म्हणजे ५०,१७६ ठिकाणी. गुणाकार किती? ८ कोटी ६७ लाखांच्या वर. एका थरात. एका फोटोसाठी.

प्रत्येक गुणाकाराला दोन आकडे लागतात. दर वेळी दोन्ही बाहेरच्या मेमरीतून आणले तर १७ कोटी ३४ लाख खेपा. पण मुळात वेगवेगळे आकडे आहेत किती? फोटोचे दीड लाख आणि वजनं पावणेदोन हजार, दोन्ही मिळून १,५२,२५६. म्हणजे हुशारीनं वागलं तर खेपा अकराशे पटींहूनही जास्त घटू शकतात. एकेक वजन ५०,१७६ वेळा कामी येतं. फोटोतला एकेक आकडा, कडेचे ठिपके सोडले तर, ५७६ वेळा: नऊ वेळा एकाच चाळणीच्या नऊ खणांत, आणि अशा ६४ चाळण्या. हे मी एका रिकाम्या दुपारी कागदावर करून पाहिलं, तेव्हा कुठे मला ‘डेटाचा पुनर्वापर’ या शब्दांमागचा ऐवज कळला. तोवर तो मला पर्यावरण दिनाच्या भाषणातला शब्द वाटायचा.

अडचण अशी की, सगळेच आकडे एका वेळी हाताशी ठेवता येत नाहीत. खिसा लहान आहे. वजनं खिशात ठेवली तर फोटोचे आकडे समोरून जात राहतात, आणि अर्धवट बेरजा कुठेतरी उतरवून ठेवाव्या लागतात. बेरीज खिशात ठेवून ती पुरी होईपर्यंत हलवायची नाही असं ठरवलं, तर वजनं आणि फोटो दोन्ही पुन्हा पुन्हा आणावे लागतात. आणि बेरजा काही थोड्या नाहीत. वरच्या थरातून ३२ लाखांहून जास्त उत्तरं बाहेर पडतात. तराजू जाग्यावर ठेवून पोती फिरवायची, की ढीग जाग्यावर ठेवून तराजू हिंडवायचा, हा तो प्रश्न. चिपवाल्यांनी या पद्धतींना नावं दिली आहेत ती ‘काय बसून राहतं’ त्यावरून: वजन बसलेलं, बेरीज बसलेली, आलेला माल बसलेला.

गूगलनं वजन बसवलं. २०१३ च्या सुमारास तिथल्या लोकांनी अंदाज काढला, की लोक दिवसातून तीन मिनिटं जरी फोनशी बोलून शोध घ्यायला लागले, तरी कंपनीची संगणक केंद्रं दुप्पट करावी लागतील. मग पंधरा महिन्यांत टीपीयू नावाची चिप तयार होऊन २०१५ मध्ये कामाला लागली, आणि २०१७ मध्ये नॉर्मन जुप्पी व सहकाऱ्यांनी तिची आतली रचना जाहीर केली. चिपच्या मध्यभागी २५६ बाय २५६, म्हणजे ६५,५३६ गुणाकार-घटकांची चौकोनी जाळी. वजनं आधी जाळीत जाऊन आपापल्या जागी बसतात. मग डावीकडून आकडे शिरतात. प्रत्येक घटक आलेल्या आकड्याला आपल्या वजनानं गुणतो, तोच आकडा उजव्या शेजाऱ्याच्या हाती देतो, आणि बेरीज खाली सरकवतो. एकदा वाचलेला आकडा २५६ हातांतून जातो. मेमरीकडे पुन्हा कोणी वळत नाही.

ही कल्पना गूगलची नव्हे. कार्नेगी मेलन विद्यापीठात एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी ती १९७८ च्या सुमारास मांडली होती. हृदयाच्या आकुंचनावरून त्यांनी तिला ‘सिस्टॉलिक’ नाव दिलं: दर ठोक्याला आकडे एक घर पुढे. मला मात्र ती वाचताना स्लॅब टाकायचा दिवस आठवतो. खालच्या मिक्सरपासून गच्चीपर्यंत माणसांची साखळी उभी असते. घमेलं या हातातून त्या हातात जातं आणि कोणीही जागचा हलत नाही. प्रत्येकानं स्वतः खाली जाऊन घमेलं भरून आणायचं ठरवलं, तर स्लॅब दिवाळीपर्यंत पुरी व्हायची नाही. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत ही कल्पना फारशी वापरात आली नाही. तिला साजेसं काम तेव्हा फारसं नव्हतं.

टीपीयूचा प्रबंध मला आवडतो तो त्यातल्या कबुलीसाठी. चिपची कमाल क्षमता सेकंदाला ९२ लाख कोटी क्रिया. बाहेरच्या मेमरीतून वजनं येण्याचा वेग सेकंदाला ३४ जीबी. गुणाकार आणि बेरीज या दोन क्रिया धरून भागून पाहिलं तर आणलेल्या प्रत्येक बाइटमागे सुमारे १,३५० गुणाकार-बेरजा झाल्या, तरच जाळीतले सगळे हात कामात राहतात. चाळणीवाल्या एका नेटवर्कला ते जमलं. तिथे चिपनं ८६ लाख कोटींपर्यंत मजल मारली. पण भाषेच्या कामाच्या, एलएसटीएम जातीच्या दोन नेटवर्कवर तीच चिप ३.७ आणि २.८ लाख कोटींवर अडकली. चिपमध्ये बिघाड नव्हता. त्या कामात एकेक वजन पुरेशा वेळा वापरलंच जात नव्हतं. मापारी तयार, तराजू तयार आणि हमाल रस्त्यात. लेखकांनी स्वतःच लिहिलं की, मेमरी जास्त वेगवान घेतली असती तर प्रत्यक्षातली कामगिरी सुमारे तिप्पट झाली असती.

मग आतली मेमरीच मोठी करावी, असं कोणीही म्हणेल. त्यालाही मर्यादा आहे आणि ती गणितानं सिद्ध झालेली आहे. हाँग जियावेई आणि तेच कुंग यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की दोन मोठ्या चौकोनी तक्त्यांचा नेहमीच्या रीतीनं गुणाकार करताना, काम कोणत्याही क्रमानं केलं तरी, खेपांची संख्या एका पातळीच्या खाली जाऊच शकत नाही, आणि ती पातळी आतल्या मेमरीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. वर्गमुळाच्या! म्हणजे आतली जागा चौपट केली तर खेपा फक्त निम्म्या होतात. दहावा हिस्सा व्हायला शंभरपट जागा हवी. चिपवरची जागा खामगावच्या मेन रोडवरच्या दुकानापेक्षा महाग असते, त्यामुळे हा सौदा लवकरच परवडेनासा होतो. हाताशी असलेल्या जागेत कामाचा क्रम कसा लावायचा, तक्त्याचे किती मोठे तुकडे पाडायचे, यावर डोकं लढवावं लागतं. हे डोकं लढवणं जुन्या शेतकऱ्याच्या पाळीसारखं आहे: विहिरीचं पाणी तेवढंच, पण कोणत्या वाफ्याला आधी सोडायचं त्यावर पीक ठरतं.

एमआयटीत व्हिव्हियन स्झी, जोएल एमर आणि यू-सिन चेन यांच्या गटानं २०१६ मध्ये ‘आयरिस’ नावाची छोटी चिप दाखवली, तिचं वैशिष्ट्य हेच होतं. १६८ घटक, १०८ किलोबाइटची सामाईक मेमरी, बस. त्यांनी ना नुसतं वजन बसवलं, ना नुसती बेरीज. चाळणीची एक आडवी ओळ आणि फोटोची एक आडवी ओळ एका घटकाच्या खिशात घालून दिली आणि जोवर त्यांच्यातला शेवटचा गुणाकार उरकत नाही तोवर कोणालाच उठू दिलं नाही. आधीच्या पद्धतींच्या तुलनेत ॲलेक्सनेट या नेटवर्कच्या चाळणीच्या थरांवर ऊर्जेची १.४ ते २.५ पट बचत झाली. त्यांच्या हिशेबात घटकाच्या खिशातून आकडा घेण्याचा खर्च १ धरला, तर शेजाऱ्याकडून घेण्याचा २, सामाईक मेमरीतून ६ आणि डीरॅममधून २००. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणणं केव्हाही स्वस्त, हे आपल्याकडे कोणी संशोधन म्हणून छापत नाही. पण सहा आणि दोनशे यांच्यामधली दरी आकड्यांत पाहिली की छापायला हवं होतं असं वाटतं.

खेपा कमी करण्याची दुसरी वाट म्हणजे मालच आटोपशीर करणं. खामगावला हे दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला तो कापसासाठी. पण शेतातला फुललेला कापूस तसाच डब्यात कोंबणं म्हणजे हवा वाहून नेणं. म्हणून आधी जिनिंगमध्ये सरकी काढतात; क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई हाती येते. मग प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधतात. न्यूरल नेटवर्कचंही जिनिंग-प्रेसिंग होतं. जी वजनं शून्याच्या इतकी जवळ आहेत की असली काय नसली काय, ती सरकीसारखी काढून टाकायची. उरलेली ३२ बिटांऐवजी ८ किंवा त्याहून कमी बिटांत दाबायची. साँग हान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच रीतीनं ॲलेक्सनेट २४० मेगाबाइटवरून ६.९ मेगाबाइटवर आणलं, आणि अचूकता कमी झाली नाही. ६.९ मेगाबाइट चिपवरच्या आतल्या मेमरीत मावू शकतात. कोठीकडे जायचं कामच उरत नाही.

कापसाचं नाव निघालंच आहे तर एक उदाहरण आपल्या काळ्या रानातलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कपाशीची कशी वाट लावली, ते इथे कोणाला सांगायला नको. तिच्यावर नजर ठेवायला शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासानं नर पतंग आत येऊन अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग दिसले तर फवारणीची वेळ झाली, असा ढोबळ नियम. मुंबईच्या वाधवानी इन्स्टिट्यूट फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्सनं यासाठी एक पद्धत बसवली, आणि २०२० मध्ये त्यावर संशोधन-प्रबंधही मांडला. सापळा कोऱ्या कागदावर झटकायचा आणि फोनवर फोटो काढायचा. गुलाबी अळीचे किती, अमेरिकन अळीचे किती, हे मॉडेल मोजतं आणि फवारणी करावी का ते सांगतं. फोटोत दिसतात काय? कागदावर राखाडी-तपकिरी पतंग, काहींचे पंख तुटलेले, काही एकमेकांवर पडलेले, मध्येच एखादी मुंगी आणि पाचोळ्याचा तुकडा. चष्मा लावूनही चुकायला होतं.

शेतात नेटवर्कची रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून हे मॉडेल दाबून इतकं लहान केलं, की साध्या अँड्रॉइड फोनवर इंटरनेटशिवाय चालावं. तिथे आपला सगळा हिशेब पुन्हा लागू होतो. फोनची बॅटरी गुणाकारांपेक्षा मेमरीच्या खेपांनी जास्त उतरते. मॉडेल लहान झालं म्हणजे खेप हलकी झाली. आणि तीच वजनं फोटोच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा वापरली जातात, म्हणून खेपांची संख्याही थोडी राहते. बांधावर उभं राहून उत्तर मिळतं ते या दोन्हींमुळे.

फोटोंच्या कामाला पुनर्वापर जन्मजात मिळालेला आहे. भाषेच्या मोठ्या मॉडेलचं तसं नाही, आणि सध्याची खरी ओढाताण तिथे आहे.

ती समजायला पुण्याच्या सी-डॅकपासून सुरुवात करू. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपची गंमत अशी, की प्रत्येकीला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा होत्या. एक सामाईक कोठी नाही, ज्याचं त्याच्यापाशी आणि लागेल ते शेजाऱ्याकडून. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. तो एनव्हिडियाच्या ए१०० या चिपवर बांधला आहे. ए१०० च्या ४० जीबी मेमरीवाल्या प्रकारात सेकंदाला ३१२ लाख कोटी क्रिया होतात, १६ बिटांच्या आकड्यांवर. आणि मेमरीतून सेकंदाला १,५५५ जीबी येतात. भागाकार करा: प्रत्येक बाइटमागे २०० क्रिया झाल्या तर चिपचा पैसा वसूल.

आता ७०० कोटी वजनांचं एक भाषेचं मॉडेल घ्या. आजच्या मानानं हे लहानच. प्रत्येक वजन दोन बाइटांचं, एकूण १४ जीबी. मॉडेल उत्तर लिहितं ते तुकड्या-तुकड्यानं, आणि दर तुकड्यासाठी ही १४ जीबी वजनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागतात. प्रश्न विचारणारा एकटाच असेल, तर एकेक वजन येतं, एक गुणाकार आणि एक बेरीज होते, आणि ते परत जातं. दोन बाइटांमागे दोन क्रिया. म्हणजे हव्या होत्या त्याच्या दोनशेवा हिस्सा. १,५५५ ला १४ नं भागलं तर सेकंदाला एकशे अकरा तुकडे, ही कमाल मर्यादा, मग गुणाकार-घटक कितीही बसवा. हिवऱ्याच्या रानात भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर निघालाय आणि पंगतीला माणूस एक.

म्हणून कंपन्या तुमचा प्रश्न एकट्याचा चालवत नाहीत. पन्नास-शंभर अनोळखी लोकांचे प्रश्न एका ओळीत बसवतात आणि वजनांची तीच खेप सगळ्यांच्या पानांवरून फिरवतात. तुम्ही गव्हाच्या तांबेऱ्याबद्दल विचारत असता, शेजारच्या पानावरचा कोणी भाड्याच्या कराराबद्दल. एकच वजन दोघांनाही लागतं.

फक्त एक गोष्ट वाटून घेता येत नाही. आतापर्यंत काय बोलणं झालं याची प्रत्येकाची टिपणवही वेगळी, आणि बोलणं लांबलं की ती फुगत जाते. दर तुकड्याला तीही पुन्हा वाचायची. तिच्यावर बरंच काम झालं आहे. २०१९ मध्ये नोम शझीर यांनी सुचवलं, की मॉडेलमधल्या अनेक ‘लक्ष देणाऱ्या’ भागांनी वेगवेगळ्या वह्या ठेवण्याऐवजी एकच वापरावी. २०२२ मध्ये ट्री दाओ आणि सहकाऱ्यांनी या लक्ष देण्याच्या हिशेबासाठी फ्लॅशअटेन्शन ही पद्धत दिली, जिच्यात गणित काडीमात्र बदललं नाही. फक्त त्या हिशेबातल्या मोठ्या तक्त्याचे आतल्या मेमरीत मावतील एवढे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं काम जागच्या जागी पुरं केलं. क्रिया कमी न होता वेळ वाचला. खेपा वाचवायची आणखी एक युक्ती मला फार खट्याळ वाटते: एक छोटं मॉडेल पुढचे चार-पाच तुकडे भराभर अंदाजानं लिहून टाकतं, आणि मोठं मॉडेल एका खेपेत ते सगळे तपासतं. जुळले तितके घ्यायचे, पहिला चुकला तिथून पुढे सोडायचे. कारकुनानं मसुदा करायचा आणि साहेबानं एका बैठकीत सह्या करायच्या, ही रीत सरकारी कचेरीत केव्हाची आहे.

राहता राहिली आपली भाषा. संगणकाच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एक. ‘बुलढाणा’ या शब्दात काना, उकार धरून सात चिन्हं: २१ बाइट. रोमन लिपीत हाच शब्द आठ अक्षरांचा, आठ बाइटांचा. फरक एवढ्यावर थांबत नाही. मॉडेल शब्दांचे तुकडे पाडतं ते त्यानं जास्त वाचलेल्या भाषेच्या सवयीनं. इंग्रजीवर पोसलेल्या मॉडेलपुढे ओळखीचा इंग्रजी शब्द बहुधा अखंड राहतो; मराठी शब्दाची खांडोळी होते, त्याला ‘च्या’ किंवा ‘पर्यंत’ लागला असेल तर आणखी. आणि दर तुकड्याला एक पूर्ण खेप. समजा, एकट्यानं विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात ‘बुलढाणा’चे चार तुकडे पडले. तर जिल्ह्याचं नाव एकदा लिहिण्यासाठी मेमरीतून ५६ जीबी वाहून आणावे लागतात. भारतीय भाषांचे तुकडे आधीपासून सामावून घेतलेली मॉडेल्स आता होऊ लागली आहेत. त्यांच्यात बुलढाणा अखंड राहिलं, तर १४.